घडी

डिसेंबर उतरणीला लागला, की मध्यमवर्गीय घरांतून छापील दैनंदिन्यांचे आगमन सुरू होते. एखादा विमा-प्रतिनिधी एक आणून देतो, बँकेत अधिकारी झालेला जुना विद्यार्थी दुसरी देतो, तिसरी डॉक्टरांच्या दवाखान्यातून औषध-कंपनीच्या नावाने येते. रेक्झिनचे वेष्टन, त्यावर सोनेरी वर्ष, आत रेशमी खूणफीत आणि प्रत्येक तारखेला नेमून दिलेले एकेक पान. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा पाने भरतात. संक्रांतीच्या सुमारास शाई तुटक होते. पुढे एखाद्या पानावर दूरध्वनीचा क्रमांक, एखाद्यावर धोब्याचे कपडे, आणि त्यानंतर कोऱ्या पानांचे रान. छापील दैनंदिनीत न लिहिलेला दिवस लपत नाही. त्याची तारीख वर छापलेलीच असते. चार-दोन दिवस चुकले, की ती कोरी पाने माणसाकडे रोखून पाहू लागतात आणि माणूस वही उघडणेच सोडून देतो.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आतल्या अंगाला असलेल्या एका जुन्या घरात अशा दैनंदिन्यांनी एक फडताळ भरले होते. घर एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकांचे. मराठी समीक्षेच्या वाटचालीवर सहा प्रकरणांचा एक ग्रंथ लिहावयाचा, हा त्यांचा निवृत्तीपूर्वीपासूनचा संकल्प. त्यासाठी चाळीस वर्षे टिपणे काढली होती. पण ती कुठे होती, हे सांगणे त्यांनाही कठीण जाई. काही दैनंदिन्यांत, काही परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर, काही लग्नपत्रिकांच्या पाठीवर. दोन प्रकरणे लिहून झाली होती, तिसरे अडले होते. घरात शिस्तीची वही एकच होती, आणि ती प्राध्यापकांची नव्हती.

ती बाईंची हिशेबाची वही. बाईंचे वडील मांडवीतल्या एका पेढीवर मुनीम होते. मुलीच्या हातात त्यांनी लहानपणीच कोरा कागद देऊन सळ पाडायला शिकवले होते. जुन्या चोपड्यांत रेघा आखलेल्या नसत. कागद उभा धरून मधोमध दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, नखाने दाबून काढायचा आणि उलगडायचा. तीन सळ उमटतात, चार रकाने मिळतात. पट्टी लागत नाही, शिसपेन्सिल लागत नाही, आणि शाई फुटली तरी रकाना पुसला जात नाही. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी या रीतीने वह्या ठेवल्या होत्या. दूध, वाणसामान, कामवालीचे खाडे, मुलीच्या शाळेची फी, दिवाळीची ओवाळणी. महिनाअखेरीस बेरीज, आणि बेरजेखाली वडिलांच्या वळणाने एक ओळ: चूकभूल द्यावी घ्यावी. प्राध्यापक या ओळीची थट्टा करीत. बाई म्हणत, ‘‘अहो, घरचा असला तरी हिशेबच आहे तो.’’

२०१७च्या पावसाळ्यात एका सकाळी बाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडले नाही, पण रक्तदाब फार उतरला होता. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटे मागवली, मोजली आणि प्राध्यापकांना बाजूला घेतले. रक्तदाबाची सकाळची गोळी त्या दिवशी एकदा नव्हे, तीनदा घेतली गेली होती. घेतल्याचे स्मरण राहिले नव्हते. पुढच्या तपासण्यांतून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की या विकारात जुने बहुधा उशिरा जाते, ताजे आधी जाते; हाताच्या सवयी पुष्कळ काळ टिकतात; आणि लिहून ठेवल्याने सुरुवातीच्या काळात बराच आधार मिळतो.

त्या रात्री प्राध्यापकांनी हिशेबाची वही उघडली. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांत ती त्यांनी कधी वाचली नव्हती. जून महिन्याच्या एका तारखेला दूध एक लिटर हा खर्च चार वेळा लिहिलेला होता, चारही वेळा सारख्याच स्वच्छ अक्षरात. ते मागे जात राहिले. फेब्रुवारीत बेरीज चुकली होती. आदल्या वर्षीच्या दिवाळीत ओवाळणीचा खर्च दोन महिन्यांत दोनदा आला होता. त्याहीआधी, २०१५च्या अखेरीस, काही बेरजा खोडून पुन्हा केल्या होत्या आणि मग तशाच सोडल्या होत्या. बाईंना आपले काहीतरी निसटत असल्याचे दीड-दोन वर्षांपूर्वीच कळले असावे, आणि त्यांनी ते एकटीने निस्तरण्याचा प्रयत्न केला असावा. चूकभूल द्यावी घ्यावी ही ओळ त्या महिन्यांत बेरजेखाली दोनदा, एकदा तीनदा आली होती. संहितेतील मौन वाचावयास विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकविणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली संहिता वाचावयाची ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वहीची योजना हाती घेतली. ती योजना अर्थातच एका विद्वानाची होती. एका जाड फुलस्केप वहीचे त्यांनी नऊ विभाग पाडले: औषधे, भेटी, फोन, देवधर्म, वस्तूंच्या जागा, नातेवाइकांची नावे, आणि शेवटी स्वतःच्या ग्रंथासाठी तीन. प्रत्येकाला रंग दिला, कडेला पुठ्ठ्याच्या जिभल्या चिकटवल्या. बेंजामिन फ्रँक्लिनने तेरा सद्गुणांसाठी केलेल्या छोट्या वहीची हकीकत त्यांनी वर्गात अनेकदा सांगितली होती. एकेका गुणाला एकेक पान, आठवड्याच्या सात वारांसाठी तांबड्या शाईचे सात उभे रकाने, चुकेल तिथे काळा ठिपका. आठवड्याला एक गुण या क्रमाने तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. ठिपके खोडूनखोडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा फ्रँक्लिनने हस्तिदंताची पाने वापरावयास घेतली. मात्र त्याने आत्मचरित्रात दिलेली एक कबुली प्राध्यापक वर्गात सांगावयाचे विसरत असत: तेरांपैकी ज्या गुणाने त्याला सर्वांत जेरीस आणले, तो गुण म्हणजे सुव्यवस्था.

नऊ रंगांची वही बाईंनी आदराने हातात घेतली, चाळली आणि देवघराशेजारी ठेवून दिली. गोळी घ्यायच्या वेळी ती उघडावी हे लक्षात ठेवण्यासाठीच आणखी एक वही लागली असती. आठवड्याने प्राध्यापकांनी फडताळातली एक कोरी छापील दैनंदिनी काढली. तिथे तारीख छापलेली, जागा नेमलेली. पण बाईंना आजची तारीख कोणती हेच आधी विचारावे लागे, आणि चुकीच्या पानावर लिहिलेली गोळी न लिहिलेल्या गोळीहून अधिक घातक ठरण्याचा संभव होता. दुसरी वहीही संपली.

तिसरी वही प्राध्यापकांनी केली नाही. एका दुपारी वाण्याकडून आलेल्या सामानाच्या यादीचा कागद बाईंच्या हाती होता. खिडकीशी बसून त्यांनी तो उभा दुमडला, पुन्हा दुमडला, नखाने दाबला, उलगडला. चार रकाने पडले. काय लिहायचे ते त्यांना त्या क्षणी आठवत नव्हते. पण लिहिण्यासाठी कागद कसा तयार करायचा हे हात विसरले नव्हते. आपण आजवर बाईंच्या डोळ्यांसाठी वही रचीत होतो, रचावयाची होती ती त्यांच्या बोटांसाठी, हे प्राध्यापकांच्या ध्यानात आले ते तेव्हा.

गुजरातेत व्यापारी दिवाळीपूर्वीच्या पुष्य नक्षत्रावर नवे चोपडे घेतात. लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा होते आणि लाभपंचमीला पेढी उघडून व्यवहाराचा आरंभ होतो. त्या वर्षी पुष्य नक्षत्राच्या दिवशी बाईंना बरोबर घेऊन प्राध्यापक मांडवीतल्या एका चोपडेवाल्याकडे गेले. संगणकावर हिशेब ठेवणारे व्यापारीही पूजेपुरता एक चोपडा घेतात, त्यामुळे दुकान अजून चालू होते. तांबड्या खारव्याचे पुठ्ठे, पांढऱ्या दोऱ्याची शिवण, आत कोरा कागद. बाईंनी एकेक चोपडा हातात घेतला, कागद अंगठ्याने चाचपला, दोन परत केले, तिसरा ठेवला. दुकानदार म्हणाला, ‘‘बेनला कागद कळतो, साहेब.’’ त्या वर्षात बाईंना काही कळते असे म्हणणारा तो पहिलाच माणूस.

वर्ष कुठून सुरू करावयाचे, हा प्रश्न या वहीने आपोआप सोडविला. छापील दैनंदिनी एक जानेवारीचा हट्ट धरते. पण या घरात वर्षे निदान पाच होती. प्राध्यापकांचे जूनमध्ये उघडणारे, प्राप्तिकराचे एप्रिलमधले, पंचांगातले चैत्री पाडव्याचे, शेजाऱ्यांचे कार्तिकातले आणि सरकारी भिंतीवरचे जानेवारीतले. चोपड्यावर तारीख छापलेली नसते. ती रोज हाताने घालावी लागते, आणि स्मृती ढिली झालेल्या माणसाला दिवसाच्या आरंभी वार, तिथी, तारीख स्वतःच्या हाताने लिहावी लागणे हीच एक औषधाची मात्रा ठरते. दिवस चुकला, तर कोरे पान मागे राहत नाही. पुढच्या दिवसाची नोंद मागच्या दिवसाला लागूनच सुरू होते. वही माफ करते.

चार रकान्यांची नावे बाईंच्या परिचयाची होती, म्हणूनच ती निवडली गेली. पहिला ‘देणे’: आज करावयाचे ते सर्व, गोळीपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत. दुसरा ‘फेड’: काम झाले ती वेळ. तिसरा ‘जमा’: आपसूक आले ते, कुणाचा फोन, कुणी दिलेला शिऱ्याचा डबा, अंगणातला पहिला मोगरा. चौथा ‘बाकी’: राहिलेले, उद्याच्या पानावर ओढावयाचे. सकाळची गोळी हे सकाळचे देणे. ती घेतली, की समोर ‘आठ दहा’ अशी फेड. फेडलेले देणे पुन्हा फेडावयाचे नसते, हे मुनिमाच्या मुलीला सांगावे लागत नाही. दुसऱ्यांदा गोळीकडे गेलेला हात वहीशी थांबू लागला. ‘‘फेडलंय की हे,’’ असे स्वतःशीच म्हणून त्या परत फिरत. पहिल्या महिन्यात प्राध्यापक रोज पाकिटातल्या गोळ्या मोजून वहीशी ताडून पाहत. हिशेब जुळत होता.

वहीच्या शेवटी दोन पाने सूचीसाठी ठेवली होती. ही कल्पना प्राध्यापकांची, आणि तिचे श्रेय ते जॉन लॉकला देत. आपल्या टिपणवह्यांसाठी लॉकने एक पद्धत बसविली होती. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १७०६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाली. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांच्या जोडीने दोन पानांत मावणारी सूची करावयाची, आणि तिथे पृष्ठांक टाकीत जावयाचे. रोमन लिपीत अक्षर आणि स्वर सुटे असतात, म्हणून लॉकला ही जोडी मुद्दाम जुळवावी लागली. मराठी मुलाला ती पहिलीतच बाराखडी म्हणून पाठ असते. ‘किल्ली’ हा शब्द ‘कि’खाली जातो, ‘चष्मा’ ‘च’खाली, ‘दूध’ ‘दू’खाली, त्यासाठी कुणा तत्त्वज्ञाची गरज पडत नाही. बाई बाराखडी विसरल्या नव्हत्या. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते सांगता न आले, तरी ‘कि’ कुठे असेल ते बोटाने दाखविता येई, आणि तिथे पान सापडे: एक्केचाळीस. एक्केचाळिसाव्या पानावर किल्ल्या डब्यात असत, तांदळाच्या.

अक्षराच्या आकाराविषयीचा धडा समर्थांनी दिला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यापनाच्या काळात तो समास लिपीच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचला गेला होता. आता तो उपयोगासाठी वाचला गेला. समर्थ सांगतात, की तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही. मध्यम अक्षराची सवय ठेवावी. भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. प्राध्यापकांची चाळीस वर्षांची टिपणे मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत, समासापर्यंत रेटून लिहिलेली होती, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही ती त्यांना भिंगाशिवाय वाचता येत नसत. बाईंच्या हिशेबाच्या वह्या मात्र १९७२पासूनच्या सगळ्या, चष्म्याने का होईना, सरळ वाचता येत. सोडलेली जागा वाया जात नाही; कडा आधी झडतात, हे मुनिमाला आणि समर्थांना सारखेच ठाऊक होते.

२०१८च्या दिवाळीच्या सुटीत नात आली. ती अहमदाबादेत शिकत होती आणि तिच्या हाती ठिपक्यांच्या कागदाची एक देखणी वही होती. न्यूयॉर्कमधल्या रायडर कॅरोल नावाच्या आरेखकाने २०१३ मध्ये लोकांपुढे मांडलेली ‘बुलेट जर्नल’ ही पद्धत जगभर पसरली असून तिच्यावरचे त्याचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले आहे, असे तिने सांगितले. लहानपणी त्याचे चित्त एका जागी ठरत नसे, त्या उणिवेशी झगडताना त्याने ही रीत स्वतःपुरती घडविली. कामापुढे ठिपका, झाले की फुली. राहिलेले काम पुढच्या महिन्यात हाताने पुन्हा लिहावयाचे. ते पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला, तर मुळात ते काम करण्याजोगे आहे का, हे स्वतःला विचारावयाचे. ‘‘आजोबा, याला मायग्रेशन म्हणतात,’’ नात म्हणाली. बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, बाकी ओढणं ते. मागील पानावरून पुढे चालू.’’

त्या दोघींना ठाऊक नव्हते, की हा प्रश्न प्राध्यापकांना आतल्या आत टोचू लागला होता. दिवेलागणीनंतर चौथ्या रकान्यातली बाकी दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवून काढणे हे बाईंचे काम होते. वहीत देणी दोघांची असत, आणि लाभपंचमीच्या पहिल्याच पानावर प्राध्यापकांनी स्वतःचे एक देणे लिहिले होते: ‘प्रकरण तिसरे.’ ते त्या दिवशी फेडले गेले नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. बाईंच्या सरळ, मध्यम अक्षरात ते रोज बाकीत आले आणि रोज देण्यात गेले. औषधे, दवाखाना, बँक, स्वयंपाकाच्या बाईंचे खाडे यांच्या गर्दीत त्याला फेड नव्हती. सकाळी काढलेले टिपण हाती घ्यावे, तो आतून हाक येई. हाक आली नाही, तर ती का आली नाही म्हणून उठावे लागे. विद्वत्तेला एकांत लागतो असे त्यांनी आयुष्यभर मानले होते. त्यांना तो एकांत कुणी पुरविला, याचा हिशेब आता त्यांच्या वाट्याला आला होता.

नात परत गेल्यानंतरच्या एका संध्याकाळी बाकी उतरवताना बाईंनी लेखणी थांबवली. ‘‘अहो, हे प्रकरण तिसरे कुणाचं देणं आहे?’’

‘‘माझंच.’’

‘‘मग फेडा की. रोज मीच काय ओढत राहायचं?’’

प्रश्न नव्याने पडलेला होता. आपण तो आधीही दोन-तीनदा विचारला आहे, हे बाईंना आठवत नव्हते. पण त्या संध्याकाळी प्राध्यापकांनी मागची पाने चाळून मोजणी केली. दोनशे चौदा पानांवर, दोनशे चौदा वेळा, एका विस्मरणशील बाईने त्यांच्या संकल्पाची आठवण ठेवली होती. त्यांनी एवढ्या वेळा तो आठवलाही नव्हता.

बुडालेले देणे बुडीत खात्यावर टाकण्याची सोय हिशेबशास्त्रात आहे, आणि काही दिवस त्यांनी तो विचार केला. सहा प्रकरणांचा ग्रंथ आता होणार नाही, एवढे त्यांनी मनाशी कबूल केले आणि एका सकाळी चौथे, पाचवे, सहावे ही प्रकरणे रीतसर बुडीत खात्यावर टाकली. दिनांक घालून, सही करून. तिसऱ्याचे मात्र त्यांनी हप्ते पाडले. पहाटे साडेपाच ते सात, बाई उठण्याच्या आधी, एक परिच्छेद. देण्याच्या रकान्यात ‘प्रकरण तिसरे’ याऐवजी ‘हप्ता पहिला’ आले, आणि त्या दिवशी समोर फेड आली: ‘सहा पन्नास.’ बाईंनी संध्याकाळी ती पाहिली. ‘‘फिटतंय म्हणायचं,’’ एवढेच म्हणाल्या.

हप्ते फेडताना लेखनाचे स्वरूपही बदलले. टिपणांच्या राशीतून अवतरणे उपसून काढण्यास वेळ नव्हता, म्हणून जे खरोखर स्मरणात उरले होते तेवढ्यावर लिहावे लागले. जे स्मरणात उरले नव्हते त्यातले बरेचसे उरण्याजोगे नव्हते, असाही शोध लागला. स्मृती जाते तेव्हा काय जाते आणि काय राहते, हे रोज समोर पाहणाऱ्या माणसाला ग्रंथसूचीचा मोह कमी होत असावा.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. बाहेर सर्व दिवस एकसारखे झाले; चांगल्या धडधाकट माणसांना वार आठवेनासा झाला. या घरात मात्र वार चुकला नाही, कारण तो रोज सकाळी चोपड्यात लिहावा लागे. जमेचा रकाना आटला. पाहुणे थांबले, फोन वाढले. मे महिन्यात एका पानावर बाईंनी जमेत फक्त ‘कोकिळा’ असे लिहिले आहे.

पण त्याच वर्षी अक्षर उतरू लागले. ओळी खाली झुकू लागल्या, मग रकाना ओलांडू लागल्या. एक दिवस देण्यात ‘गोळी’ ऐवजी ‘गो’ एवढेच आले, आणि पुढे रिकामे. फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात १९०१च्या अखेरीस आलोइस आल्त्सहायमरने ऑगुस्टे नावाच्या आपल्या रुग्ण स्त्रीला तिचे नाव लिहावयास सांगितले होते. ‘श्रीमती’ या अर्थाचा शब्द लिहून ती थांबली. पुढचे तिला आठवेना. तिची ती कागदपत्रे हरवली होती. ती १९९५ मध्ये पुन्हा सापडली, त्यांत तिच्या हाताचे ते अपुरे लेखनही आहे. विकाराला नाव वैद्याचे मिळाले, पण त्याचा पहिला पुरावा एका बाईच्या अर्ध्या राहिलेल्या नोंदीत आहे. प्राध्यापकांना ही हकीकत ठाऊक होती. ‘गो’पुढची रिकामी जागा त्यांनी भरली नाही. फेडीची वेळ तेवढी स्वतः लिहिली आणि पान उलटले.

त्यानंतर वहीतले काम हळूहळू बदलत गेले. देणी प्राध्यापक लिहू लागले, बाई फेडीला टिंब देऊ लागल्या. मग टिंबही त्यांनीच द्यावयाचे आणि बाईंनी जवळ बसावयाचे, असे झाले. बाकी ओढण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा एखादी गोष्ट रोज पुन्हा लिहिण्याने हाताला किती शीण होतो, हेही त्यांना कळले. सळ पाडणे मात्र बाईंकडेच राहिले. दर रविवारी आठवड्याची पाने दुमडून ठेवण्याचा नेम होता. त्या वेळी त्या कुणाशी बोलत नसत. काठाला काठ लागला, की नखाची बाजू वरून खाली एकदाच ओढत. खूप वर्षांपूर्वी पेढीवरच्या दिव्याखाली बसलेल्या मुलीचा चेहरा कसा असेल, याचा अंदाज त्या वेळी येई.

प्रकरण तिसरे २०२१च्या श्रावणात संपले. वहीत त्याची नोंद एका ओळीची आहे: ‘शेवटचा हप्ता, सहा पंचेचाळीस.’ ते पूर्वी योजले होते त्याच्या तिसरा हिस्सा भरले, आणि ते कुणाला दाखवावे असे प्राध्यापकांना अद्याप वाटलेले नव्हते. त्यांनी ते बाईंना वाचून दाखविले. चार दुपारी लागल्या. बाईंनी ऐकले की नाही हे सांगता येत नाही. शेवटच्या दुपारी वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, ‘‘बेरीज झाली?’’ झाली, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी मान डोलावली आणि हळू, पण स्पष्ट शब्दांत ती जुनी ओळ म्हटली: चूकभूल द्यावी घ्यावी. या वेळी प्राध्यापकांनी तिची थट्टा केली नाही. प्रकरणाच्या अखेरीस, जिथे एरवी संदर्भटिपा आल्या असत्या, तिथे त्यांनी ती लिहून घेतली.

त्या दिवाळीला पुष्य नक्षत्रावर चोपडेवाल्याकडे प्राध्यापक एकटेच गेले. बेन का आल्या नाहीत, असे दुकानदाराने विचारले. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, असे उत्तर त्यांनी दिले, आणि ते खोटे नव्हते. पाने किती घालू, असे त्याने विचारल्यावर प्राध्यापक क्षणभर थांबले. मग दर वर्षाइतकीच घाला, असे म्हणाले.

लाभपंचमीच्या सकाळी नवा चोपडा पाटावर ठेवला होता. पहिल्या पानावर ‘श्री’ काढून झाला. बाईंना उठवून शेजारी बसविले आणि पान हाती दिले. बराच वेळ ते पान त्यांच्या मांडीवर तसेच राहिले. मग बोटांनी आपण होऊन कड शोधली. पहिली घडी काठाला काठ बसली. दुसरी किंचित सरकली. नख वरून खाली गेले ते जरा तिरपे गेले, आणि पान उलगडले तेव्हा मधला सळ सरळ, दोन बाजूंचे दोन तिरपे, असे रकाने पडले. ‘देणे’ वर रुंद आणि खाली अरुंद झाले होते.

पान पुन्हा दुमडून सरळ करता आले असते. प्राध्यापकांनी लेखणी उघडली, वरच्या रुंद भागात वार, तिथी, तारीख घातली, आणि त्या तिरप्या रकान्यात मावेल अशा मध्यम अक्षरात पहिले देणे लिहिले: सकाळची गोळी.